साते भाजणारे शाकाहारी सर

सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते जमिनीवर उताणे पडून एका पाइपच्या पोटाकडे टॉर्च मारत होते. अबू धाबीच्या मुसफ्फामधल्या आमच्या फॅब्रिकेशन यार्डात मी नुकतीच प्लॅनिंगला लागले होते, आणि माझ्या शेड्यूलप्रमाणे तो पाइप दोन दिवसांपूर्वीच ट्रकवर चढायला हवा होता.

मी म्हटलं, "सर, सांधा चांगला दिसतोय की."

ते तसेच पडून म्हणाले, "चांगला तर मीही दिसतो, मॅडम. दिसणं म्हणजे तपासणं नव्हे."

मग खिशातून पिवळा मार्कर काढून त्यांनी त्या सांध्यावर फुली मारली. पाइप आणखी तीन दिवस तिथेच राहिला आणि माझं शेड्यूल कोलमडलं. यार्डातला वेल्डिंग इन्स्पेक्टर हा कोणाचाच आवडता नसतो, पण सरांच्या बाबतीत लोक चिडायचेही नाहीत. फोरमन नुसते हात वर करून "खलास" म्हणायचे आणि सांधा पुन्हा घासायला घ्यायचे. सरांनी फुली मारली म्हणजे तिथे काहीतरी असणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

म्हणजे माणूस सरळ होता. सगळं नियमात, सगळं लेखी. मग माझा इतका गोंधळ का उडाला, ते सांगते.

दोनेक महिन्यांनी आम्ही मोहम्मद बिन झायद सिटीत राहायला गेलो. एका मोठ्या व्हिलाचे फ्लॅट पाडले होते, त्यातला पहिल्या मजल्यावरचा आमचा. माझा नवरा रुवैसच्या रिफायनरीत, तो आठवडाभर तिकडेच असायचा आणि शुक्रवारी संध्याकाळी यायचा. सामान लावून झालं, शनिवारी चार वाजता मी बाल्कनीत कपडे वाळत घालायला गेले, आणि खालून असा काही वास आला की हातातला टॉवेल तसाच राहिला. कोळसा, हळद, गवती चहा, आणि त्यात चिकनची चरबी निखाऱ्यावर पडल्याचा तो वास. मी ठाण्याची, घरी आठवड्यातून तीनदा मासे. वाकून पाहिलं, तर मागच्या अंगणातल्या एका खोलीसमोर, बनियन आणि पायजम्यावर, हातात पंखा घेऊन आमचे सर उभे.

"सर, तुम्ही इथे?"

"इथेच. अकरा वर्षं," ते वर न बघता म्हणाले. "खाली या. दोन काड्या तपासून द्या."

आता ही तपासणी कशी असायची ते ऐका. त्यांची शेगडी म्हणजे यार्डातल्या उरलेल्या लोखंडी चॅनेलची हातभर लांब, वीतभर रुंद डोणी. तिचे सांधे त्यांनी स्वतःच दोनदा रिजेक्ट करून तिसऱ्यांदा पास केले होते. त्यावर आडव्या ठेवलेल्या बांबूच्या बारीक काड्या, प्रत्येक काडीला चिकनचे चार तुकडे, त्यातला एक चरबीचा. तेलात बुडवलेल्या गवती चहाच्या ठेचलेल्या जुडीने ते वरून तेल लावायचे. डाव्या हाताने पंखा, उजव्या हातात चिमटा. चिमटा शेगडीच्या काठावर एकदा आपटायचा, टक, आणि ओळ उलटायची. दोनदा आपटायचा, टक टक, आणि ओळ उतरवायची. मला वाटलं, सवय असेल. कोणी पेन आपटतं, कोणी पाय हलवतं.

बाजूला दाण्याची पातळ चटणी, चिंच-गूळ घातलेली, आपल्या दाण्याच्या आमटीची लांबची बहीण शोभेल अशी. काकडीच्या फोडी, कच्चा कांदा आणि भाताच्या दाबून केलेल्या वड्या.

"मलेशियातला प्रकार," ते म्हणाले. "साते. तिकडे रस्त्यावर मिळतं, आपल्याकडे वडापाव मिळतो तसं."

मी एक काडी तोंडात घातली. इतकी अप्रतिम होती की मी डोळेच मिटले.

"पहिल्यांदा काय लागलं? गोड की हळद?"

"मस्त आहे, सर!"

"मस्त हे उत्तर नव्हे. गोड की हळद?"

"गोड... बहुतेक."

"बहुतेक नको. दुसरी घ्या. दाताला चिकटतं का? मधला तुकडा कोरडा आहे का? धूर जिभेला लागतो की नाकाला?"

मी सात काड्या तपासल्या. ते प्रत्येक उत्तर एका जुन्या डायरीत टिपत होते. शेवटी मला लाज वाटली. मी म्हटलं, "सर, तुम्ही घ्या ना. तुमच्यासाठी काहीच उरणार नाही."

"मी?" ते दचकले. "मी शाकाहारी आहे. जन्मापासून. अंडंसुद्धा नाही."

मी हातातल्या काडीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. ते शांतपणे काकडी खात होते.

सगळं काम झाल्यावर त्यांनी कोळसे विझवले, मांसाची सुरी आणि पाट बाहेरच्या नळावर धुऊन एका पत्र्याच्या पेटीत ठेवले (ही पेटी खोलीत कधीच जायची नाही), आंघोळ केली आणि आत जाऊन वरणभाताचा कुकर लावला.

रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, डॉक्टर नाही का दुसऱ्यांना इंजेक्शन देत?" मला ते पटलं नाही आणि काय पटलं नाही हेही सांगता येईना.

त्यानंतर दर शनिवारी आम्ही खाली. माझी मुलगी कॉलेजात जाणारी, आमच्याशी बोलायला तिला वेळ नसतो, पण चार वाजले की "ममा, साते अंकल स्टार्टेड" म्हणत सगळ्यात आधी तीच उतरायची. यार्डातला फिलिपिनो स्टोअरकीपर यायचा. शेजारच्या व्हिलाचा पेशावरचा वॉचमन यायचा. सगळे खायचे आणि सगळ्यांची परीक्षा व्हायची. वॉचमन हुशार, तो नेहमी "हबीबी, चीनी कम" एवढंच म्हणायचा. सर त्याला फार मानायचे. म्हणायचे, यार्डात असा एक माणूस असता तर.

हे सगळं शिकलात कुठे, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "मलेशियात, पासिर गुडांगला होतो, शिपयार्डात. माझा घरमालक करायचा." ठीक. पुढे कळलं की माझ्या नवऱ्याला त्यांनी सांगितलं होतं, शिपयार्डाच्या मेसमधला आचारी पैज हरला म्हणून त्याने कृती दिली. स्टोअरकीपरला सांगितलं होतं, लॉकडाऊनमध्ये मोबाइलवर बघून शिकलो. आणि वॉचमनची तर खात्री होती की सरांचं तिकडे हॉटेल होतं आणि ते बुडालं. आम्ही चौघं एकदा एकत्र आलो आणि या चार गोष्टी समोरासमोर आल्या. ज्या माणसाने आयुष्यात एका सांध्याबद्दल खोटं लिहिलं नाही, तो साध्या चिकनच्या काडीबद्दल चार माणसांना चार थापा का मारतो?

मी विचार करकरून थकले. एखाद्याला लपवायचंच असेल तर तो दर शनिवारी धूर कशाला करेल?

मध्ये एक प्रसंग घडला, त्याने गोंधळ आणखी वाढला. क्लायंटकडून एक मलेशियन इंजिनिअर यार्ड बघायला आला होता. मी उत्साहाच्या भरात त्याला शनिवारी घेऊन आले. त्याने एक काडी खाल्ली आणि थांबला. इंग्रजीत म्हणाला, हे आमच्या दक्षिणेकडचं आहे, जोहोरचं, माझ्या आजोळच्या बाजूचं. मग तो आणि सर चक्क मलयमध्ये बोलायला लागले. सरांना इतकं अस्खलित मलय येतं हे मला माहीतच नव्हतं! दहा मिनिटं दोघं हसत होते. मग तो इंजिनिअर इंग्रजीत मला म्हणाला, मी पुढच्या महिन्यात तिकडेच जाणार आहे, यांना ज्यांनी शिकवलं त्यांची मी चौकशी करून येतो.

सरांचा चेहरा एकदम बंद झाला. "कोणी नाही. मला कोणी शिकवलं नाही," ते म्हणाले, आणि निम्म्या काड्या भाजायच्या बाकी असताना त्यांनी निखाऱ्यांवर बादलीभर पाणी ओतलं. वाफेत आम्ही सगळे खोकत उभे राहिलो. सर आत गेले आणि दार लावून घेतलं.

सोमवारी यार्डात मी सॉरी म्हणायला गेले. ते भिंगातून एक सांधा बघत होते. "कशाबद्दल?" त्यांनी विचारलं. मलाही सांगता आलं नाही कशाबद्दल.

सरांच्या पत्नी चिंचवडला असायच्या. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे वहिनींना इकडे कधी येताच आलं नाही. सर वर्षातून एक महिना जायचे. सासूबाई गेल्या आणि त्याच्या पुढच्या जानेवारीत वहिनी व्हिजिट व्हिसावर पहिल्यांदा अबू धाबीला आल्या. त्या येण्याच्या आदल्या दिवशी सर आमच्या दारात उभे. हातात ती पत्र्याची पेटी, मागे अंगणात शेगडी ओढून आमच्या जिन्याखाली आणलेली.

"मॅडम, ही शेगडी तुमची."

"म्हणजे?"

"म्हणजे हिच्यासमोर तुमची. आमच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात येत नाही. तिला कळलं तर..." ते थांबले. "साते तुम्ही करता, मी फक्त काकडी खायला येतो. लक्षात ठेवाल ना?"

"सर, मग दोन महिने बंद ठेवू या."

"नाही," ते घाईघाईने म्हणाले. "बंद नाही ठेवायचं."

मी हो म्हटलं.

वहिनी आल्या. बारीक चणीच्या, नऊवारीच्या काळातला अंबाडा आणि पायात पांढरे स्पोर्ट शूज. पहिल्याच दिवशी त्यांनी सुपरमार्केटात कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन मोठ्याने हिशेब केला, "चार दिरहम? म्हणजे नव्वद रुपये! ठेवा खाली!" आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे रिकाम्या डब्यांत धणे पेरले. फेसबुकवर तर त्या माझ्या मुलीपेक्षा जास्त. भिशीच्या ग्रुपवर त्यांनी आमच्या व्हिलाचे, मशिदीच्या मिनाराचे, बसस्टॉपच्या एसीचे सगळे फोटो टाकले.

शनिवार आला. तुकडे काड्यांना ओवून सरांनी पहाटेच आमच्या फ्रीजमध्ये ठेवले होते. चार वाजता मी शेगडी पेटवली. मला त्यातलं ओ की ठो येत नव्हतं. वहिनी खुर्ची टाकून मेथी निवडत बसल्या. माझा नवरा हसू दाबत त्यांच्या बाजूला. सर दूर खजुराच्या झाडाखाली पेपर उघडून बसले. आमचं ठरलं होतं की ते खोकतील. एक खोकला म्हणजे उलट, दोन म्हणजे उतरव.

धूर त्यांच्याच दिशेने गेला. ते एकदा खोकले, मी उलटलं. लगेच पुन्हा खोकले, मी परत उलटलं. मग त्यांना खरंच ठसका लागला, आणि मी चिमटा घेऊन काड्या उलटू की उतरवू की पाणी आणू अशी नाचत राहिले. दोन काड्या निखाऱ्यात पडल्या. एकीने पेट घेतला.

"अहो," वहिनी मेथीवरून नजर न उचलता म्हणाल्या, "त्या पोरीला कशाला छळताय? घ्या तो पंखा तुमच्या हातात."

सरांनी पेपर खाली केला.

"करपतंय ते. उठा."

"तुला..." सर म्हणाले.

"बावीस-चोवीस वर्षं झाली, सुट्टीवर आलात की बॅगेतल्या शर्टांना हाच वास. आधी त्या मलेशियातून यायचा, मग इथून. मी काय नाक माहेरी ठेवून आले होते?" त्यांनी मेथीची एक काडी मोडली. "पहिली दोन वर्षं वाटलं, बाई आहे. मग म्हटलं, कुठल्या बाईच्या अंगाला कोळशाचा वास येईल? मग वाटलं, खायला लागलात. मनाची तयारीपण केली. म्हटलं, परदेशात एकटा माणूस, खाऊ दे."

"एक तुकडासुद्धा नाही," सर म्हणाले. "आईशप्पथ."

"तेही बघितलं मी. सुट्टीत पंधरा दिवस तुमच्याकडे लक्ष ठेवून होते. मग हेच कळेना. खात नाही, विकत नाही, तर भाजता कशाला?"

माझ्या मनात इतके दिवस जो प्रश्न वळवळत होता, तो त्या बाईंनी मेथी निवडता निवडता विचारून टाकला होता.

सर उठले, शेगडीपाशी आले, माझ्या हातातून चिमटा घेतला. पंखा मात्र घेतला नाही. आणि पहिल्यांदाच, धड कोणाकडे न बघता, त्यांनी खरं काय ते सांगितलं.

पासिर गुडांगला चार वर्षं ते शिपयार्डात होते. संध्याकाळी खाण्याची मोठी पंचाईत, शाकाहारी काही मिळायचं नाही. गल्लीच्या टोकाला एक म्हातारा साते भाजायचा. त्याला सगळे पाक चिक म्हणायचे, म्हणजे काका. त्याने यांच्यासाठी दाण्याची चटणी वेगळी करायला सुरुवात केली, सुकी कोलंबी न घालता. भाताच्या वड्या, काकडी आणि ती चटणी, हेच सरांचं जेवण. रोज त्याच्या शेगडीशेजारी स्टुलावर बसून.

"तिसऱ्या वर्षी त्याला अर्धांगवायू झाला," सर म्हणाले. "उजवी बाजू गेली, वाचा गेली. मुलगी शिकायला लांब होती. बायको आधीच वारलेली. ठेला बंद पडला तर मुलीचं शिक्षण थांबलं असतं. मी शिफ्ट संपवून संध्याकाळी उभा राहायला लागलो. मला चव कळत नव्हती. तो खुर्चीत बसायचा, डाव्या हातात चमचा. एकदा पत्र्यावर आपटला की उलटायचं. दोनदा आपटला की उतरवायचं. आठ महिने केलं. शेवटी शेवटी तो आपटायच्या आधीच मी उतरवायला लागलो, तेव्हा हसायचा. अर्ध्या तोंडाने."

वहिनींचे हात मेथीत थांबले होते.

"मग मी पंधरा दिवसांच्या सुट्टीवर आलो. त्याला खुणेने सांगितलं, पंधरा दिवस. मुलीच्या परीक्षा संपल्या होत्या, ती ठेला बघणार होती."

"ती माझ्या पित्ताशयाच्या ऑपरेशनची सुट्टी," वहिनी हळूच म्हणाल्या.

"हो."

"ते चिघळलं. मीच म्हटलं, जाऊ नका."

"अडीच महिने झाले. तिकडचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. सामान आणायला दोन दिवस गेलो. गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो तर ठेला नाही. शेगडी नाही, खुर्ची नाही, नुसती मोकळी जागा. मी समजलो." त्यांनी चिमटा काठावर ठेवला. "पुढे गेलो नाही. वळलो आणि एअरपोर्टला आलो."

"कोणाला विचारलं नाहीत?" माझा नवरा म्हणाला.

"नाही."

"आणि नंतर? एवढ्या वर्षांत?"

"विचारलं असतं तर कोणीतरी सांगितलं असतं," सर म्हणाले.

त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा लगेच लागला नाही. वहिनींना लागला. त्यांनी मेथीची परडी बाजूला ठेवली, पदराला हात पुसले आणि मोबाइलवर फेसबुक उघडलं.

"गल्लीचं नाव काय? स्पेलिंग सांगा."

"राहू दे गं."

"स्पेलिंग सांगा."

सरांनी सांगितलं. त्यांनी गल्लीचं नाव आणि पुढे साते असं टाइप केलं. मी घड्याळ बघून सांगते, दीड मिनिट लागलं. वीस वर्षांसमोर दीड मिनिट! पानावर एका बाईचा फोटो, डोक्याला रुमाल, हातात पंखा, समोर लांब शेगडी. वहिनींनी खाली खाली सरकवत नेलं. एका जागी थांबून सावकाश इंग्रजी वाचलं. मग फोन माझ्याकडे दिला, "नीट वाच गं तू. माझी चूक होत असेल."

चूक होत नव्हती. म्हातारा गेला होता, पण सरांनी ती मोकळी जागा पाहिली त्यानंतर नऊ वर्षांनी.

मी ते मोठ्याने वाचलं. वाचायला नको होतं का, हे मला आजही कळत नाही. सर हातात काडी धरून उभे होते. शेगडीवरची अख्खी ओळ करपून काळी झाली आणि आमच्यापैकी कोणीही ती उतरवली नाही.

"आठ वाजले असतील तिकडे," वहिनी म्हणाल्या. "धंद्याची वेळ. लागेल फोन." आणि सरांनी नको म्हणायच्या आत त्यांनी व्हिडिओ कॉल लावला.

तिकडून गर्दीचा, भांड्यांचा आवाज आला, धूर दिसला, मग ती बाई. सरांना बघून ती ओरडली, "अंकल इंडिया!" एवढंच मला कळलं, पुढचं सगळं मलय. ती भरभर बोलत होती, मध्येच हसत होती, मध्येच मनगटाने डोळे पुसत होती. सर मध्ये फक्त दोनच वाक्यं बोलले, त्या मोकळ्या जागेबद्दलची असावीत. तिने फोन फिरवून भिंतीवरचा फोटो दाखवला, मग पुन्हा काहीतरी विचारलं. तेच तेच दोनदा विचारलं.

"काय म्हणते?" वहिनींनी विचारलं.

"म्हणते, गटारासाठी गल्ली खणत होते. ठेला तीन आठवडे मागच्या रस्त्यावर हलवला होता." सरांचा आवाज अगदी सपाट होता, यार्डात रिपोर्ट वाचतात तसा. "म्हणते, तो रोज बसस्टॉपकडे तोंड करून बसायचा. विचारते, अंकल, तुम्ही शेजारच्या दुकानात विचारलं का नाही?"

मग ते मराठीत, कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "मी बघितलं. तपासलं नाही."

आणि खाली बसले. अंगणातल्या फरशीवर, मांडी घालून.

वहिनींनी फोन उचलला. चेहऱ्यासमोर धरला आणि त्या अनोळखी बाईशी सरळ मराठीत बोलायला लागल्या. "बाई, ऐका. हे स्वतःहून नाही थांबले. मी आजारी होते. मी पाय धरले होते यांचे, जाऊ नका म्हणून. तुमच्या वडिलांना हे विसरले नाहीत हो. दर शनिवारी भाजतात, अजून. न खाता भाजतात. यांना दोष देऊ नका, द्यायचा तर मला द्या." तिकडची बाई एक अक्षर न समजता प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती. माझा नवरा उठून झाडामागे गेला. मी पंखा हातात घेऊन तशीच उभी.

पुढचे दोन शनिवार अंगणात धूर झाला नाही. वॉचमन येऊन रिकामी शेगडी बघून गेला. यार्डात सर नेहमीसारखे, उलट जास्तच कडक. मी रोज त्यांच्याकडे चोरून बघायचे. सुटल्यासारखे दिसतात की जास्त अडकल्यासारखे, काही कळत नव्हतं. आम्ही त्यांचं भलं केलं की वीस वर्षं जुळवून आणलेलं काहीतरी मोडलं? वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, "अगं, गळू फुटल्यावर दोन दिवस जास्तच दुखतं."

मार्चमध्ये वहिनींचा व्हिसा संपत आला. सरांनी रजेचा अर्ज माझ्याकडे आणून दिला, यार्डाच्या शटडाऊनच्या तारखांशी ताडून बघा म्हणाले. दोघं इथूनच मलेशियाला जाणार होते. तिथून वहिनी पुण्याला आणि सर परत इकडे. मी म्हटलं, "सर, काय बोलणार त्या मुलीला?"

"माफी मागायची आहे. रीतसर. वडिलांच्या कबरीवर जाऊन आणि मुलीसमोर. वाक्यं लिहून काढली आहेत." त्यांनी ती जुनी डायरी दाखवली. मलयमध्ये दीड पान होतं, दोनदा खोडून पुन्हा लिहिलेलं.

दहा दिवसांनी सर परत आले. मी सकाळपासून वाट बघत होते, चहाच्या सुट्टीत त्यांना यार्डातच गाठलं. ते एका टाकीच्या कडेला बसून बूट घट्ट बांधत होते. पंख्याच्या दांड्याने घासून डाव्या हाताच्या तळव्याला फोड आला होता.

"गेला होतात कबरीवर?"

"गेलो. पहिल्याच दिवशी. फुलं घातली."

"आणि मुलीला? वाचून दाखवलंत?"

"कसं दाखवणार?" ते जवळजवळ चिडूनच म्हणाले. "पोचलो तर ठेल्यावर ही रांग. तिच्या हाताखालचा माणूस आजारी, ती एकटी. तिने माझ्याकडे बघितलं आणि पंखा हातात दिला. हिला काकडी चिरायला बसवलं. चार दिवस, रोज संध्याकाळी. ही तर शेवटी शेवटी गिऱ्हाइकांना मराठीत रांगेत उभं करत होती."

"आणि तुम्ही काय बोललात?"

"गिऱ्हाईक केवढं होतं, मॅडम. बोलायला वेळच मिळाला नाही."

"म्हणजे माफी..."

"राहिली," सर म्हणाले. त्यांनी टॉर्च उचलला आणि लावून बघितला. "परत जावं लागेल."